काकांचा आशीर्वाद

आमच्या गावात हल्ली लोक माझ्याकडे बोट दाखवून मुलांना सांगतात, "हे बघ, हे मास्तर. यांनी सख्ख्या पुतण्याची बाजू घेतली नाही, न्यायाची घेतली." मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. वाचनालयात माझा सत्कारसुद्धा झाला. भाषण नको, नको म्हणालो आणि मग कुणी थांबवेपर्यंत बोललो. त्या भाषणात जे सांगायचं राहिलं, ते इथं लिहितोय. लिहिताना समोर टाळ्या वाजत नाहीत, त्यामुळे खरं लिहायला जरा सोपं जातं.

मी शिंपी. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तर. पण साठी उलटेपर्यंत या मास्तराला अक्षरं म्हणजे सांडलेली मोहरी. टेपवरचे आकडे तेवढे कळायचे. शेवटी बायकोने मनावर घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती काळ्या अस्तरावर खडूने अक्षरं काढायची आणि मी ती गिरवायचो. चुकलो की टेपचा फटका. "इतकी वर्षं तुम्हाला कुठंतरी मारायचं राहूनच गेलं होतं," म्हणायची.

वाचता यायला लागलं आणि मी बिघडलो. दिसेल ते मोठ्याने वाचायचो. डोळे माझे पहिल्यापासून तेज. सुईत दोरा अजून बिनचष्म्याने ओवतो. दुकानाच्या खिडकीत बसून चौकापलीकडच्या पाट्या वाचायचो. इथे वाहने लावू नयेत. येथे जुने कुलूप उघडून मिळेल. बायको बाजारात माझ्यापासून चार पावलं लांब चालायला लागली.

"अहो, औषधाच्या दुकानाचं नाव सगळ्या गावाला पाठ आहे. तुम्हालाच काय ते आज कळलं."

आम्हाला मूल नाही. धाकट्या भावाचा मुलगा आमच्याच घरी वाढला. जेवायचा आमच्याकडे, झोपायचा आमच्याकडे. फक्त मार खायला बापाकडे जायचा. भावाची लाकडाची वखार चौकाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा मोठा झाल्यावर वखारीसाठी टेम्पो चालवायला लागला आणि एक दिवस गाडी माझ्या दारात उलटी लावून म्हणाला, "काका, मागे या. वाचा."

मागच्या फळीवर लाल अक्षरं, त्यांना पिवळी किनार. काकांचा आशीर्वाद.

मी वाचलं. परत वाचलं. समोरच्या न्हाव्याला बोलावून त्याच्यासमोर वाचलं. बायको पदराने डोळे टिपत म्हणाली, "काकूने काय पाप केलं होतं रे?" तर म्हणे, फळीवर जागा पुरली नाही.

तर हा आशीर्वाद एका भर दुपारी फळवालीच्या अंगावर गेला.

चौक रिकामा होता. फळवाली पाठमोरी बसून टोपलीतली संत्री निवडत होती. टेम्पो कोपऱ्यावरून आला, पुतण्याच्या कानाला फोन होता. टोपली उडाली, म्हातारी पडली. गाडी क्षणभर थांबली आणि मग वेगाने निघून गेली. मी खिडकीत. बाई विव्हळतेय, संत्री गटारापर्यंत घरंगळत चालली आहेत आणि मी काय केलं? मी गाडीची फळी वाचली. ओठ हलवून, सवयीने. वाचून होईपर्यंत दुसऱ्या गल्लीतून बर्फाच्या कारखान्याचा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरने उडी मारली, म्हातारीला लहान मुलासारखं उचललं आणि ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

तिची मांडी मोडली होती. धडक मागून बसली, त्यामुळे गाडी कुठली ते तिला ठाऊक नाही. दवाखान्यात लोक जमले. त्यांना रक्ताने माखलेला सदरा दिसला आणि बाहेर उभा ट्रक दिसला. ड्रायव्हर परगावचा, इथं त्याचं कुणी नाही. पळून गेला असता तर सुटला असता. थांबला, म्हणून सापडला. त्याचा परवाना काढून घेतला, ट्रक ठाण्यात लावला, कारखान्याने दुसरा माणूस बघायला सुरुवात केली. खटला होणार, तुरुंग होणार, असं न्हावी कात्री चालवता चालवता सगळ्यांना सांगत होता.

त्या संध्याकाळी भाऊ, भावजय आणि पुतण्या आमच्याकडे आले. भावाने दार लावून घेतलं.

"दादा, तुझी खिडकी समोर आहे. तुला विचारणार."

"मग?"

"मग काय? तू काही पाहिलं नाहीस."

पुतण्या कोपऱ्यात मांडी घालून बसला होता, लहानपणी काच फोडल्यावर बसायचा तसा. म्हणाला, "मी पळून जाणार नव्हतो, काका. पण आरशात तुम्ही दिसलात खिडकीत. म्हटलं, काका आहेत. बघतील तिच्याकडे."

काकांनी काय बघितलं, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे. त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

बायको म्हणाली, "आणि तो ड्रायव्हर?"

"वहिनी, त्याला काय, सुटेल तो. कायदा आहे ना!" भाऊ म्हणाला. "आपला पोरगा अडकला तर जन्माचं नुकसान. दादा, तुझ्या मांडीवर वाढलाय तो."

ते खरं होतं. माझ्या मांडीवर वाढला होता, बऱ्याचदा ती भिजवूनही. मी मान डोलावली.

"पण लोक मानतील का?" भावजय म्हणाली. "भावजी तर अख्ख्या चौकाच्या पाट्या वाचून दाखवतात."

यावर भावाने उपाय काढला. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी चष्मा घेऊन आला. काचा अशा जाड की दुसऱ्या बाजूने माझे डोळे म्हशीसारखे दिसत. तो घातल्यावर मला खरोखरच काही दिसेना. म्हणजे खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नाही. भावाचं डोकं पहिल्यापासून चालतं. अभ्यासात चाललं नाही एवढंच.

मी चष्मा घालून दुकानात बसू लागलो. पहिल्या दिवशी पायरी चुकलो. दुसऱ्या दिवशी एका कारकुनाच्या पँटचा खिसा गुडघ्यावर लावला. त्याने पँट घालून बघितली, वाकून खिशात हात घातला आणि म्हणाला, "मास्तर, खाली बसल्यावर चांगला उपयोगी पडेल हा." लोक कापड परत न्यायला लागले. कुणी रागावत नव्हतं, हेच वाईट. सगळे हळू आवाजात बोलायचे, घरात कुणी आजारी असल्यासारखे. माझं वाचन बंद पडलं. बायको बाजारात आता माझा हात धरून चालायची आणि पाट्या आल्या की मुद्दाम हळू व्हायची.

"मशिनीवर घालता ते ठीक," एकदा ती म्हणाली. "पण जेवताना काढा हो तो. भाजी समजून माझा पदर ओढताय."

चष्म्याबद्दल ती एवढंच बोलली. रोज दुपारी मात्र फळवालीला डबा घेऊन जायची, आणि आल्यावर ड्रायव्हरबद्दल काही ना काही सांगायची. भिंतीला सांगितल्यासारखं. "म्हातारी म्हणते, ट्रकमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायला कुणी नव्हतं, तर तो एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्याने तिला धरून होता." मी चष्मा पुसायचो. त्याने काही फरक पडत नव्हता.

मग फौजदार आले. जागा बघायला म्हणून ड्रायव्हरलाही बरोबर आणलं होतं. मागोमाग चौक जमला: न्हावी, औषधवाला, आणि तो चौकापलीकडचा शिंपी, ज्याला आम्ही फॅशन म्हणतो. माझी सगळी गिऱ्हाइकं हल्ली याच्याकडे जात होती. वखारीच्या दारात भाऊ आणि पुतण्या उभे असतील असा मी अंदाज केला. मला तिकडे नुसता धुरकट पिवळा डाग दिसत होता.

"मास्तर, त्या दिवशी खिडकीतून काय दिसलं?"

"साहेब, मला लांबचं दिसत नाही हो."

झालं. इतकं सोपं. फौजदारांनी मान हलवली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हणाले, "बरं, आजोबा! बसा तुम्ही!"

आजोबा! आजवर मला गावात कुणी आजोबा म्हटलं नव्हतं. मी उठलो तो उंबऱ्याला अडखळलो. कोपराला कुणीतरी धरलं. ड्रायव्हर होता.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? सावकाश, मास्तर. पायरी आहे."

इथं मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण सत्काराच्या वेळी सांगितलं तशी ती लाज काही कामाला आली नाही. कामाला आला तो फॅशन.

मशिनीवर सुई तशीच पडली होती. फॅशनने ती उचलली, दोरा ओवला आणि माझ्या हातात देत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, लाजू नका. रोज सकाळी येऊन चार सुया ओवून देत जाईन. आणि हातशिलाईचं काही असलं तर माझ्याकडे बसा. मोठे टाके चालतील."

मोठे टाके!

मी चष्मा काढला. त्याने ओवलेला दोरा उपसून फेकला, दात लावून नवा तोडला आणि सगळ्यांच्या नाकासमोर सुई एका झटक्यात ओवली. "तू मला सुई ओवून देणार? तुझ्या दुकानाच्या पाटीखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, सांगू? शिवलेले कपडे मळल्यास परत घेतले जाणार नाहीत!" फॅशन मागे सरकला. मी काही थांबेना. इतक्या दिवसांची भूक होती. इथे वाहने लावू नयेत! येथे जुने कुलूप उघडून मिळेल! एकेक पाटी वाचत मी चौकभर फिरलो, म्हणजे डोळ्यांनी, आणि फिरत फिरत वखारीपाशी पोचलो. तिथं टेम्पो पाठमोरा उभा होता.

"काकांचा आशीर्वाद!"

वाचलं आणि मग ऐकलं.

फौजदार माझ्याकडे बघत होते, आता ओरडत नव्हते. "चांगलं दिसतं की, मास्तर," हळूच म्हणाले. "मग त्या दिवशी काय वाचलंत?"

तुम्हाला वाटेल तेवढा मी गर्वाने वाहून गेलो नव्हतो. इथं निसटायला अजून जागा होती. ऊन डोळ्यांवर होतं, म्हणायचं. खाली मान घालून काज करत होतो, म्हणायचं. वाक्य जिभेवर तयार होतं आणि चांगलं बेतलेलं होतं. पलीकडे पुतण्या दारात उभा होता. त्याचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. चष्मा असता तर बरं झालं असतं. काका आहेत, बघतील, अशा नजरेने तो बघत होता. आणि ड्रायव्हरने अजून माझं कोपर सोडलं नव्हतं. मी पडेन अशी त्याला खरंच काळजी होती.

"हेच वाचलं, साहेब," मी म्हणालो. "हेच. याच गाडीवर."

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात माझी फजिती कमी आणि इतरांचं नुकसान जास्त आहे. ड्रायव्हरला परवाना परत मिळाला. पुतण्याचा गेला, त्याच्यावर खटला चालू आहे. कोर्टाच्या पहिल्या तारखेला बायको त्याच्याबरोबर गेली, मला म्हणाली, "तुम्ही घरीच थांबा, तिथं भिंतीभर पाट्या असतात." भाऊ माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसलो तर मला खरंच दिसत नसल्यासारखा समोरून निघून जातो. चष्मा त्याला परत पाठवला, तो त्याने घेतला नाही. आता बायको त्यातून तांदूळ निवडते. खडे दगडाएवढे दिसतात म्हणे.

पुतण्या एकदा आला. पँटची शिवण उसवली होती. मी शिवून दिली. तो उभ्या उभ्या म्हणाला, "बाबांनी फळी रंगवायला लावली."

"बघितलं."

"मी एकच हात दिला."

एवढंच बोलला आणि गेला. टेम्पो आता भाऊ स्वतः चालवतो, माझ्या दारावरून जाताना जरा जास्तच वेगाने. फळी हिरवी आहे. रंग पातळ लागलाय, खालची लाल अक्षरं उन्हात थोडी वर येतात. न्हाव्याला ती दिसत नाहीत, फॅशनलाही नाहीत. मला दिसतात. हल्ली मी ती मनातल्या मनात वाचतो.