डाव्या हाताची कुऱ्हाड

"हीसुद्धा नाही," शैलेंद्र म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड परत खुंटीला लावली.

वाउटरने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. जुनी सुतारी हत्यारं दुरुस्त करून विकायची आणि हौशी लोकांना ओंडक्यांची घरं बांधायला शिकवायचं, हा या म्हाताऱ्या डच माणसाचा धंदा. आपेलडोर्न शहराजवळच्या जंगलाला लागून त्याची शेड होती आणि सकाळपासून शैलेंद्र तिथली एकेक कुऱ्हाड उचलत होता, तोलत होता, पुन्हा जागेवर ठेवत होता. कुणाचा दांडा जाड, कुणाचं पातं पुढे ओढणारं. नवऱ्यामुलाच्या आईने मुली नापसंत कराव्यात तसा प्रकार चालला होता.

दाराशी एका ओंडक्यावर त्याची बायको योगिनी थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. तिला यात नवीन काहीच नव्हतं. अल्मेरच्या पलीकडे त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतल्याला बरीच वर्षं झाली होती. तिथे अख्ख्या ओंडक्यांचं घर बांधायचं आणि तेही स्वतःच्या हातांनी, असं शैलेंद्रने मनावर घेतलं होतं. कंत्राटदार नको, तयार भिंती नकोत. जागेवर आजवर उगवलं होतं ते फक्त गवत. घर अडलं होतं हत्यारांपाशी.

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पार्सलं यायची आणि जायची. साल सोलायचे दोन मुठींचे सुरे आले नि परत गेले. पटाश्या आल्या, करवती आल्या, लाकूड तासायचा एक स्वीडिश वाकस तर दोनदा येऊन दोनदा परत गेला. पार्सलवाल्याला या घरातल्या कुत्र्या-मांजरांचीसुद्धा नावं ठाऊक झाली असती, पण ती त्यांनी पाळली नव्हती. शैलेंद्र सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या, याचाच त्याने जन्मभर पगार घेतला. एकदा तरी आपल्या हातून काही उभं राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते त्याला आतून पोखरत होतं. त्याला एका जागी बसवत नसे. आज सकाळीही त्याने पोहे उभ्यानेच खाल्ले, नेहमीसारखा डावा हात पाठीशी घेऊन, एखाद्या साहेबाने कारखान्याची पाहणी करावी तसे. लग्नात पंगतीला बसला तेव्हाही तो तसाच बसला होता. योगिनीच्या मावशीने तेव्हाच विचारलं होतं, जावईबापूंची पाठ दुखते का.

योगिनीने शेवटी अट घातली होती. वर्षअखेरपर्यंत एक ओंडका तरी ओंडक्यावर चढलेला दिसू दे, नाहीतर जागा विकू. शैलेंद्रने ती मान्य केली होती. आज गाडीत त्याने स्वतःलाही बजावलं होतं, आज हत्यार मिळालं नाही तर विकायचं आपणच बोलून टाकायचं.

वाउटरने सुचवलं की हवेत तोलून काही कळायचं नाही, लाकडावर मारून बघ. त्याने लाकडी घोड्यांवर एक ओंडका पक्का केला आणि शैलेंद्रच्या हातात तासायची रुंद कुऱ्हाड दिली. ही कुऱ्हाड एका अंगाने सपाट असते आणि दुसऱ्या अंगाने तिला उतार देऊन धार काढलेली असते. सपाट अंग लाकडाला टेकवून ओंडक्याची बाजू सरळ करत न्यायची.

शैलेंद्रने पाय रोवले. पहिला घाव लाकडात रुतून बसला, दुसरा वरच्या वर सटकला. तिसऱ्या घावाला पातं ओंडक्यावरून घसरलं आणि त्याच्या बुटाशेजारच्या मातीत शिरलं.

वाउटरने कुऱ्हाड त्याच्या हातातून सोडवून घेतली आणि इंग्रजीत, अगदी मायेने सांगितलं की हल्ली नंबर टाकलेल्या लाकडांची तयार घरं मिळतात. लाकडी हातोड्याने ठोकत गेलं की उभी राहतात. त्यात कमीपणा काही नाही आणि पायाची बोटंही शाबूत राहतात.

शैलेंद्रने मान हलवली. मग बायकोकडे वळून तो मराठीत म्हणाला, "चल, निघू या. विकून टाकू जागा."

तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. या वाक्याची योगिनीने किती वाट पाहिली होती! या माणसाची चुळबुळ तिला सहन व्हायची नाही हे खरं, पण चुळबुळ संपलेला शैलेंद्र तिला बघवेना.

ती उठली. थर्मास ओंडक्यावर ठेवून ती वाउटरपाशी गेली आणि डचमध्ये त्याला विचारलं, डावखुऱ्या माणसाची कुऱ्हाड आहे का?

योगिनीचं डच शैलेंद्रपेक्षा कितीतरी बरं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आली, पहिली काही वर्षं खिडकीतून ट्राम मोजत बसली, मग नेटाने भाषा शिकली आणि आता ती तिथल्याच एका पाळणाघरात नोकरी करत होती. वाउटरने एकदा तिच्याकडे, एकदा शैलेंद्रच्या पायांकडे पाहिलं आणि तो शेडच्या मागच्या भागात गेला.

"डावखुऱ्याची कशाला?" शैलेंद्रने विचारलं. "मी उजवा आहे. सही उजव्या हाताने करतो, जेवतो उजव्या हाताने."

"आणि टेबलावरून कप पडायला लागला की कुठल्या हाताने झेलतोस?"

शैलेंद्रने दोन्ही हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"आमच्याकडे डावखुऱ्या पोरांसाठी वेगळ्या कात्र्या असतात," योगिनी म्हणाली. "ती चुकून साधी कात्री घेतात, कागद चुरगळतात, मग म्हणतात कात्री वाईट आहे. सकाळपासून तुझं तेच ऐकतेय. मला आधीच कळायला हवं होतं रे."

वाउटर आला तो कुऱ्हाडीवरची धूळ फडक्याने पुसत. हिला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणाला. धारेचा उतार उलट्या अंगाला आणि दांडाही उलट्या बाजूला वाकवलेला. शैलेंद्रने ती घेताना नकळत उजवा हात पुढे केला. योगिनीने तो हात हलकेच खाली केला.

त्याने पाय बदलले. डाव्या हाताने दांडा पात्याजवळ धरला. पहिला घाव त्याने भीत भीतच घातला. एक पातळ, तळहाताएवढी ढलपी ओंडक्यावरून सुटली आणि वळत खाली पडली. लाकडाचा ओला वास आला. त्याने दुसरा घाव घातला आणि मग तो थांबलाच नाही. वाउटर थोडा वेळ बघत उभा राहिला, नंतर कॉफी करायला आत निघून गेला. ओंडक्याची एक बाजू हळूहळू सपाट होत होती. ती काही नितळ नव्हती, खाचखळगे होते, पण ती त्याच्या हातची होती. त्याच्या खांद्यांतली कायमची ताठ असलेली शीर योगिनीला प्रथमच सैल पडलेली दिसली.

तो थांबला तेव्हा घामाघूम झाला होता. डोळेही भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

"अण्णा गाठ सैल बांधायचे," तो म्हणाला.

योगिनीला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. शाळेत घालायच्या आधीची सुट्टी, कराडचं घर. अण्णा, म्हणजे त्याचे वडील बाळासाहेब, शाळेत हेडमास्तर. पानावर बसवताना ते आपला लोकरी मफलर घ्यायचे आणि त्याचा डावा हात पाठीशी बांधायचे. मारलं कधी नाही. लोक हसतील रे तुला, म्हणायचे. गाठ हाताला रुतू नये म्हणून मध्ये बोट घालून बघायचे. शाळा सुरू झाली तोवर मफलरची गरज उरली नव्हती. हात आपणच मागे जायचा.

"मी विसरूनच गेलो होतो," तो म्हणाला. "पन्नाशी उलटली ना गं माझी."

अण्णा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. रागवायला कुणी समोर नव्हतं, आणि अण्णा असते तरी बोट घालून गाठ तपासणाऱ्या माणसावर तो काय रागवणार होता? त्याला फक्त वाईट वाटत होतं, फार वाईट. योगिनीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जागेचा विषय तिने काढला नाही. पहिला ओंडका चढवताना एक टोक मी धरीन, एवढंच म्हणाली.

वाउटर कॉफी घेऊन आला. कुऱ्हाड आजच न्यायची का, त्याने विचारलं. शैलेंद्रने ती खाली ठेवलीच नव्हती.

दुपारी ते दोघं त्याच तासलेल्या ओंडक्यावर डबा उघडून बसले. पोळी, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. शैलेंद्रने हात धुतले. पोळीकडे त्याचा डावा हात किंचित उचलला गेला आणि तिथेच थबकला. योगिनी डब्याचं झाकण पुसत राहिली.

त्याने उजव्या हाताने घास मोडला. अण्णांनी शिकवला होता तसा, चार बोटांनी, तळहाताला भाजी न लावता. योगिनीची नजर सवयीने त्याच्या पाठीकडे गेली. तिथे हात नव्हता. तो मांडीवरच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर उघडा, निवांत पडला होता.