डिस्कमधले भाडेकरू

मालकीणबाईंच्या घरात आठ खोल्या भाड्याने होत्या आणि चाळीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला रीत सोडून बाहेर काढलं नव्हतं. शिव्या दिल्या असतील, पाणी बंद केलं असेल, ते वेगळं. पण काढायचं तर महिन्याची मुदत, दोन पंच आणि सामानाची यादी. शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, तरी त्यांच्या यादीतून कोणाची सुई निसटली नव्हती.

म्हणून नात जेव्हा म्हणाली, “आजी, आता यातलं सगळं पुसून टाकते,” तेव्हा मालकीणबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

“थांब. आत कोण आहे?”

चार दिवस पोरगी सुटे भाग आणून कंप्युटर जोडत होती. घराण्यातला पहिलाच. पेटी नवी, पंखा नवा, वायरी नव्या. हार्ड डिस्क तेवढी जुनी, दुकानदाराच्या फळीवरून उचललेली. कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्याला संध्याकाळी सहाच्या आत स्वयंपाकघराचा नकाशा काढून पाठवायचा होता. पसंत पडला तर घरबसल्या काम. नाहीतर उद्या सकाळची गाडी धरून आत्याच्या गावी, आत्याच्या ओळखीच्या ऑफिसात. आत्याला मालकीणबाईंनीच जन्म दिला होता, त्यामुळे तिच्या घरात दुसऱ्याचे काय हाल होतात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. नात इथेच राहायला हवी होती. पण रीत म्हणजे रीत.

“कोणी नाही गं,” नात म्हणाली. “आधीच्या माणसांचे फोटो, पत्रं. ते पुसायचं, मग आपली सिस्टीम टाकायची, मग नकाशा काढायचा. तीन वाजलेत.”

“म्हणजे माणसं राहतात.”

“राहत नाहीत. पडून आहेत.”

“सहा नंबरचा टेलरमास्तरही पडूनच असतो. त्याला पुसलं का मी?”

नातीने बटणाकडे हात नेला. मालकीणबाईंनी भिंतीतला प्लग मुठीत धरला. दोघी एका रक्ताच्या. कोण आधी हलणार याचा अंदाज घरातल्या भांड्यांनाही आला नसता.

“बरं,” नात म्हणाली. “मुदत किती देणार?”

“दुकानात किती दिवस होती ही?”

“वर्षभर तरी.”

“मग मुदत कधीच संपली. पंच बोलाव.”

सहा नंबरचा टेलरमास्तर गळ्यात टेप घालून आला. दोन नंबरचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावूनच आले, कारण ते काढलं की त्यांना जिना दिसत नसे आणि लावलं की जग दिसत नसे. दोघांना स्टुलांवर बसवलं. नात एकेक फोल्डर उघडून वाचू लागली, कागदावर यादी उतरवू लागली आणि मालकीणबाई बोटांवर मोजू लागल्या.

“फोटो, चारशे बारा.”

“कशाचे?”

“जिन्याचे. एकाच जिन्याचे.”

“वेडे असतील,” मालकीणबाई म्हणाल्या. “पुढे.”

“एक पत्र. नाव ‘शेवटचं’. दुसरं ‘शेवटचं दोन’. तिसरं ‘खरंच शेवटचं’.”

“वाच तिसरं.”

नातीने वाचलं. घरमालकाला लिहिलं होतं. जिन्याची चौथी पायरी मोडली आहे, आम्ही सहा वर्षं सांगतो आहोत, वर्षाच्या वर झालं, रोज एक फोटो काढून ठेवतो, आमच्या आईचा पाय मुरगळला, तरी आपण येऊन पाहत नाही.

टेलरमास्तरने टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. घड्याळजींनी भिंग पुसलं.

“किती साधी माणसं,” टेलरमास्तर म्हणाला.

“भाडेकरू सगळे सारखेच. रडायला पायरी पुरते,” मालकीणबाई म्हणाल्या. “सही करा आणि निघा.”

“नाही करत.”

“काय म्हणालास?”

“मालकीणबाई, आपल्याही जिन्याची सातवी पायरी मोडली आहे. मी गिऱ्हाइकांना उडी मारायला सांगतो. परवा एका नवरदेवाची शिवायला आणलेली विजार तिथेच आणखी फाटली. या लोकांना काढायच्या कागदावर मी सही केली, तर उद्या मला काढताना माझ्या बाजूने कोण उभं राहील?”

“माझंही तेच,” घड्याळजी म्हणाले. त्यांना काय ते नीट कळलं नव्हतं, पण सातव्या पायरीवर तेही दोनदा घसरून बसले होते.

आणि दोघेही कंप्युटरसमोर पाय सोडून जमिनीवर बसले. आतल्या माणसांना आम्ही एकटं पाडणार नाही, असं टेलरमास्तर पडद्याकडे बघून म्हणाला. पडद्यावर जिना होता.

साडेचार झाले. नातीने कोनाड्यातली बॅग काढली आणि कपडे घड्या करून भरायला लागली. आधी उन्हाळ्याचे, मग हिवाळ्याचे. ती हिवाळ्याचेही भरते आहे हे मालकीणबाईंनी पाहिलं.

“पायरी सुतार येऊन करेल,” त्या म्हणाल्या.

“कधी?” पंच एकदम म्हणाले.

“सवडीने.”

“मग सहीही सवडीने.”

मालकीणबाई उठल्या. पदर खोचला, मोरीजवळची जुनी फळी घेतली, हातोडी घेतली आणि सरळ जिन्यावर गेल्या. चाळीस वर्षांत भाडेकरूच्या सांगण्यावरून त्यांनी कधी खिळा ठोकला नव्हता. आता ठोकताना प्रत्येक घावाला एकेका भाडेकरूचं नाव घेतलं. नात कंप्युटरचे उरलेले स्क्रू घेऊन धावत आली. “हे बारीक आहेत गं,” आजी म्हणाली. “तुझ्या आत्यासारखे. डोकं मोठं, पकड नाही.”

टेलरमास्तर पायरीवर चढला, उतरला, पुन्हा चढला. घड्याळजींनी भिंगातून खिळे तपासले. सही झाली. यादीवर मालकीणबाईंनी अंगठा न उमटवता स्वतःचं नाव लिहिलं, त्याला चार मिनिटं लागली.

“दाब,” त्या म्हणाल्या.

पुसायला काही क्षण लागले. पंच उभे राहिले होते. मग सिस्टीम चढायला लागली, पडद्यावर टक्के सरकू लागले. नातीने नकाशा काढला. कपाटं, ओटा, खिडकी. सहाला दोन मिनिटं कमी असताना पाठवला.

उत्तर सव्वासहाला आलं. काम पसंत, सोमवारपासून सुरुवात.

नातीने बॅगेतले कपडे काढून पलंगावर ओतले. मालकीणबाईंनी त्यातले हिवाळ्याचे तेवढे वेचून आपल्या स्वतःच्या कपाटात ठेवले, किल्ली लावली आणि कंबरेला खोचली.

“आजी, ते माझे आहेत.”

“थंडी पडली की माग,” त्या म्हणाल्या आणि राहिलेली भाजी निवडायला बसल्या.