तिसऱ्यांदा

लावण्याने गिऱ्हाइकाशी बोलायच्या लाल बटणावरचा अंगठा उचलला आणि ओढणीला पुसला.

"हात लांब ठेव," मागून श्रीकर म्हणाला. तो मॅनेजर. "आज ऑर्डर मशीन एकटंच घेणार. मध्ये बोललीस तर हेडसेट गेला. आत कांदा चिरायला बस."

तंजावरच्या बायपासवरून वळलेली एक गाडी बर्गरच्या दुकानाबाहेरच्या ऑर्डरच्या फलकापाशी थांबली. लावण्याच्या कानात आवाज आले.

मशीन, गोड तमिळमध्ये : वणक्कम. काय देऊ?

पुरुष : एक व्हेज बर्गर. (मागे वळून, मराठीत) मामी, तुम्हाला? रक्त तपासायचं होतं म्हणून सकाळपासून उपाशी आहात.

म्हातारी : नको हो जावईबापू.

ही तर लावण्याच्या घरची, तंजावरच्या जुन्या मराठी घरांतली मराठी. जावयाच्या खिशातलं खायचं, तेही एकदा विचारल्यावर? तिची आजी दोनदा नको म्हणायची, तिसऱ्यांदा विचारल्यावरच ताटाकडे बघायची.

मशीन : आणखी काही?

म्हातारी, तमिळमध्ये : वेंडाम. नको.

मशीन : ऑर्डर बंद होत आहे.

पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले. पाच.

"दोनदाच झालं," लावण्या पुटपुटली.

"काय दोनदा?"

चार.

म्हातारी खोकली. कोरडा, रिकाम्या पोटाचा खोकला.

तीन.

"लावण्या. हात."

दोन.

तिने बटण दाबलं.

"मामी, असं कसं? काहीतरी घ्याच."

मागच्या गाडीने हॉर्न मारला.

"अगंबाई, आपल्यातली दिसतेस! बरं, एवढं म्हणतेस तर अर्धी कॉफी. आणि बटाट्याचं ते लांब लांब काय असतं, तेही. जावईबापू, पोरगी ऐकतच नाही, काय करू?"

गाडी पुढे सरकली. श्रीकर ओरडला नाही.

"तुला कसं कळलं?"

"आमच्यात तीनदा विचारतात."

त्याने तिथेच उभ्या उभ्या टाइप केलं. मशीनच्या पडद्यावर नवा नियम उमटला : गिऱ्हाईक नको म्हणालं तरी तीनदा विचारणे.

"हुशार आहेस," तो म्हणाला आणि तिच्या डोक्यावरचा हेडसेट हलकेच काढून घेतला. "कॉफी घेणार?"

"नको."

"बरं," म्हणून तो निघून गेला.

लावण्या कांद्याच्या टोपलीपाशी बसली. खिडकीबाहेर पुढची गाडी येऊन थांबली होती. मशीन कुणाला तरी दुसऱ्यांदा विचारत होतं.

तिने सुरी खाली ठेवली.

मग तिसऱ्यांदा.