माउलीला बोललेली पेनी

लेकीचा ताप सात दिवस हटेना, तेव्हा हॉविसने घरातली एकुलती एक चांदीची पेनी तिच्या कपाळावर धरून वाकवली आणि वॉल्सिंगमच्या माउलीला, मेरीमातेला, नवस बोलली, "पोरीला उठव, ही तुझी." असा वाकवलेला पैसा मग बाजाराचा राहत नाही. आठव्या दिवशी पोर उठून बसली, भाकरी मागू लागली. आज ती वाहायला पायी निघायचं, तर फडताळात पेनी नाही.

"ती वाकडी होय? ठोकून सरळ केली," नवरा लॅम्बर्ट म्हणाला. तो समुद्रापलीकडचा विणकर. "पीठवाल्या गोडलीनाकडून पीठ आणलं तिचं. आमच्याकडे वाकडं नाणं घेत नाहीत, बाई."

"तुमच्याकडे देवाला बटणं वाहतात वाटतं?"

तो ओशाळून तिच्यामागे बाजारात आला. गोडलीनासमोर एक कोळी सुट्या अर्ध्या पेनीसाठी खोळंबला होता, आणि नाणं कापून दोन करायला तिने त्याच पेनीच्या पाठच्या क्रुसावर कातर टेकवली होती.

"मावशी, कापू नकोस," हॉविस ओरडली. "तिच्यावर वळ आहे बघ. माउलीला बोललेली आहे ती."

गोडलीनाने पेनी उन्हात धरली. नाण्यावरच्या राजाच्या गालावरून आडवी घडी गेली होती. "मला वाटलं, राजा म्हातारा झाला." तिने कातर ठेवली. "पण चांदीला चांदी लागते, पोरी."

हॉविसने मूठ उघडली. अंडी विकून आलेले पेनीचे कापलेले तुकडे, एक अर्धा आणि एक पाव. "पाव कमी आहे. तेवढं पीठ परत घे."

"आणि तापातून उठलेली पोर काय खाईल? अशा पोरांना वखवख सुटते." गोडलीनाने अर्धा तुकडा कोळ्याच्या हातावर ठेवला, पाव आपल्या पिशवीत टाकला आणि पेनी हॉविसला दिली. "उरलेला पाव माझा. माउलीला सांग, गोडलीनाचा उजवा गुडघा. डावा ठीक आहे."

"वाकवून देऊ?" लॅम्बर्टने हळूच विचारलं.

"तुम्ही हात लावू नका. घरी जाऊन पोरीजवळ बसा."

जुन्याच घडीवर तिने अंगठा दाबला. ठोकून ठोकून चांदी थकली होती. मोडते की काय, म्हणून तिने जोर जपून लावला. पण पेनी हळूच नमली. पदरासारख्या शिरवस्त्राच्या टोकाला तिने ती बांधली, आणि उजवा गुडघा, उजवा गुडघा असं घोकत वॉल्सिंगमची वाट धरली.