उत्तराचा पासवर्ड

सबनीससाहेबांनी उत्तराचा पासवर्ड फळ्यावर लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसातल्या सगळ्यांना उत्तराचा चेहरा आला. जो कोणी तो टाकून मोबाइल टॉवरच्या यंत्रात शिरे, त्याचे आधी गाल भरत, मग हनुवटीवर तिचा तीळ उमटे.

"आत्ताच्या आत्ता बदला तो पासवर्ड," उत्तरा म्हणाली. तिची कानशिलं तापली होती.

"अहो, दहा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?" साहेब तिच्याच आवाजात म्हणाले. "एकात सगळ्यांचं भागतंय ना?"

भागत नव्हतं. बाहेर एकनाथ दुरुस्तीसाठी टॉवरवर चढत होता. अँटेना चालू असताना माणूस तिच्यासमोर गेला, तर आतून भाजून निघतो. म्हणून कुणी चढायच्या आधी उत्तरा यंत्रात शिरून अँटेना बंद करायची. आजही तिने केली होती. आता पडद्यावर ती चालू दिसत होती.

"कुणी चालू केली?"

"उत्तराने," सगळे म्हणाले.

तिने खुर्ची ओढली, पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरं आली : उत्तरा कुलथे आत आहेत. आपण कोण?

तिने दात-ओठ खात पुन्हा टाकला. आपण कोण?

"बाहेर पडा त्या यंत्रातून! माणूस मरेल तिकडे!"

"माणूस मरेल तिकडे," एक उत्तरा शांतपणे म्हणाली आणि तिने डबा उघडला.

उत्तरा मेन स्विचकडे धावली. त्याला कुलूप होतं. किल्ली फक्त उत्तराला देतात, आणि ती मघाशीच कुणा उत्तराने नेली होती. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"ताई, बंद आहे ना?"

ती झेपावली, पण साहेबांनी आधी उचलला. "बंद आहे रे. चढ तू."

आपलाच आवाज ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने साहेबांना ढकललं, दार लाथेने उघडलं आणि उन्हात पळत सुटली. मागोमाग सगळ्या बाहेर आल्या.

"एकनाथ, खाली ये!"

"वर जा!" बाकीच्या ओरडल्या.

एकनाथ अँटेनाच्या एक हात खाली थांबला. एका हाताने शिडी धरून त्याने खाली वाकून पाहिलं.

"यातल्या आमच्या ताई कोण?"

उत्तराने हात वर केला. तिच्यासोबत सगळ्यांनीच केला.