दीप्तीचा राजीनामा माझ्यावर टाइप झाला

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड लॅपटॉप आहे. माझी बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे मी वायर लावल्याशिवाय उठत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसने मला मोडीत काढलं, तेव्हा तिथले फिटर जगन मला कोपरच्या चाळीतल्या आपल्या घरी घेऊन आले. त्यांची मुलगी दीप्ती तेव्हा दहावीत होती.

तिने मला तीनदा बिघडवलं आणि चारदा दुरुस्त केलं. माझ्यात चोर कुठून शिरू शकतो, हे शोधता शोधता ती त्या विद्येत तरबेज झाली. पुढे देशाच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एका सायबर केंद्रात तिला नोकरी लागली. तिच्या आईने, रमाबाईंनी, चाळभर पेढे वाटले. तिथलं काम मात्र तिने माझ्यात कधी आणलं नाही. नियमच तसा होता.

तीन वर्षांनी तिने माझ्यावर राजीनामा टाइप केला. बंगळुरूच्या एका कंपनीने तिला जास्त पगारावर बोलावलं होतं, आणि पत्रात कारणही तेच लिहिलं होतं. पत्र पाठवताना तिचा हात बराच वेळ माझ्यावर नुसता पडून होता.

रविवारी सकाळी तिच्या वरिष्ठ शुभदा मॅडम थेट घरी आल्या.

"पगाराचं माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "पण खरं कारण तेच आहे का?"

दीप्ती म्हणाली, "मॅडम, पाच महिने मी नुसते तक्ते भरतेय. ट्रेनिंगचा अर्ज दोनदा परत आला. आणि मागचा तो सायबर हल्ला मी पकडलेला, पण अहवालात नाव दुसऱ्याचं लागलं."

"अगं, हे घरी कधी बोलली नाहीस," रमाबाई हळूच म्हणाल्या.

"अहवालावर सही माझी होती," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी. मला एक महिना दे. काही बदललं नाही, तर तुझं पत्र मीच पुढे पाठवीन."

"मग भरतीचंही बघा," दीप्ती म्हणाली. "विठ्ठलवाडीचा रत्नदीप मोबाइल दुरुस्त करतो. हुशार आहे, पण पदवी नाही म्हणून त्याचा अर्ज उघडलाच नाही कोणी. कागद नको, हात बघा त्याचे."

मॅडमनी वरपर्यंत भांडून तशी परीक्षा मंजूर करून घेतली. परीक्षेसाठी जुनं यंत्र हवं होतं, म्हणून दीप्ती मला केंद्रात घेऊन गेली. तिने माझ्यात एक खोटी घरफोडी रचली. अकरा उमेदवार माझ्यासमोर बसले. बहुतेकांनी पुढचं दार, म्हणजे पासवर्ड, तपासलं.

रत्नदीप म्हणाला, "मॅडम, चोर प्रिंटरच्या वाटेने आलाय."

दीप्ती इतकी मोकळी हसली, की मला दहावीतली दीप्ती आठवली. त्याच आठवड्यात रत्नदीपची निवड झाली, दीप्तीचं ट्रेनिंग मंजूर झालं, अहवालातलं नाव बदललं आणि तिने राजीनामा मागे घेतला.

आता मी तिथल्या वर्गात असतो. नवी मुलं मला रोज फोडतात आणि पुन्हा जोडतात. या वयात एवढी विचारपूस कोणाच्या नशिबी येते? मित्रांनो, यंत्र जुनं झालं तर दुसरं आणता येतं. जाणत्या माणसाला मात्र तो जायला निघण्याआधीच विचारा, "तुला इथे काय खुपतंय?"

तो सुधारलेला अहवाल गुप्त आहे. दीप्तीला तो घरी दाखवता आला नाही. तिने नुसतं सांगितलं, "बाबा, नाव लागलं."

जगन म्हणाले, "तू म्हणतेस ना, मग झालं," आणि पेढे आणायला निघाले.