खालची कडी

सुगनबाईचा तांब्या अमृतलालनं मुंबईला नेला आणि परत आणला नाही, तिथून ही भानगड सुरू झाली.

सुगनबाई ही अमृतलालची भुवा, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती इथलीच झाली. पाण्याच्या बाबतीत अख्ख्या जालन्यात तिच्याइतकं कडक कुणी नव्हतं. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं. कापडावर जे जीव राहतात, मग ते दिसोत न दिसोत, ते कापड उलटं करून गाळल्या पाण्यानं धुवून घ्यायचे. ते पाणी म्हणजे जिवाणी. जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत गेली पाहिजे, आणि वरून भिरकावून तर मुळीच नाही. उंचावरून आपटून जीव मरणार असतील तर गाळायची नाटकं कशाला? म्हणून त्या तांब्याच्या बुडाला बाहेरून एक कडी होती. दोर बांधायचा तो त्या कडीला. दोराला जरा वर एक आकडा होता, त्यात तांब्याच्या तोंडावरची आडवी दांडी अडकवून तांब्या सरळ खाली सोडायचा. पाण्याला टेकला, दोर सैल पडला, की आकडा सुटायचा. मग दोर ओढला की बूड वर, तोंड खाली, जीव आपल्या घरी. हे झाल्याशिवाय सुगनबाई तोंडात घास घालत नसे.

अमृतलाल मुंबईला तंत्रशाळेत होता. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं प्लास्टिकची एक वस्तू स्वतः आखायची, साचा स्वतः कोरायचा आणि हातयंत्रावर वितळलेलं प्लास्टिक दाबून वस्तू काढायची. अट अशी की एका दाबात अख्खी वस्तू, वरून काही जोडायचं नाही. मग ती वस्तू कुणीतरी पंधरा दिवस वापरायची, अभिप्राय लिहून सही करायची, आणि वस्तू व कागद दोन्ही शाळेत हजर करायचे. वडील बन्सीलाल यांनी आधीच बजावलं होतं, "पास झाला तर मुंबई. न्हाई झाला तर आडत." आणि अमृतलालला आडतीच्या गादीवर बसण्यापेक्षा विहिरीत बसणं परवडलं असतं.

त्यानं भुवासाठी जिवाणीचं भांडं करायचं ठरवलं आणि नमुना म्हणून तांब्या नेला. घोटाळा केला त्या कडीनं. साचा उघडताना बुडाची कडी आत अडकून बसायची. मास्तर म्हणाले, "काढून टाका की." यानंही काढून टाकली! भांडं हलकं आहे, एका अंगाला जरा जड ठेवलं तर पाण्याला टेकताच आपोआप कलंडेल, असा यानं कागदावर हिशेब मांडला. जन्मापासून भुवाला विहिरीवर बघणारा मुलगा, पण शिकला ना! मास्तर खूश झाले. तांब्या त्यांनी काचेच्या कपाटात ठेवून घेतला आणि 'जास्तीचा भाग असलेली वस्तू' अशी वर चिठ्ठी लावली. साच्यातून सात भांडी निघाली. पाच तडकली, एक वाकडं आलं, एक बरं निघालं. रंग गुलाबी, कारण त्या आठवड्यात प्लास्टिकचे दाणे गुलाबीच शिल्लक होते. साच्याचं पोलाद लगेच पुढच्या विद्यार्थ्याला दिलं.

जालना हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गुलाबी भांडं घरी आलं. सुगनबाईनं ते हातात धरून वजन केलं, टिचकी मारली आणि पंधरा दिवस वापरायचं वचन दिलं. वचन दिलं म्हणजे दिलं.

सकाळी जिवाणी भरली. काठाच्या दोन कानांत दोर बांधून भांडं खाली सोडलं. ते पाण्याला टेकलं आणि निवांत तरंगत राहिलं. सुगनबाई वाकून बघत होती. शेजारचा कारभारी पाणी न्यायला आला होता, तोही वाकला.

"बसलंय," सुगनबाई म्हणाली.

"कलंडंल आता, भुवा."

"कधी?"

अमृतलाल काठावरून आणखी वाकला. तिघं बघत उभे राहिले. भांडं एकदा विहिरीच्या कडेला गेलं, तिथून परत मधोमध आलं.

"मजेत हाय की," कारभारी म्हणाला.

ओढलं तर जसंच्या तसं भरून वर आलं. तीनदा तेच. चौथ्यांदा अमृतलालनं दोराला हिसका दिला. भांडं उडालं, कलंडलं, पाणी धपकन खाली पडलं.

"झालं, भुवा! पोचलं बघा."

"पडलं," सुगनबाई म्हणाली. "पोचलं न्हाई."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पदर खोचून विहिरीच्या पायऱ्या उतरायला निघाली. पायऱ्या त्रेचाळीस, वय बासष्ट, गुडघे दोन्ही गेलेले. अमृतलालनं तिच्या हातातलं भांडं जवळजवळ हिसकावून घेतलं आणि स्वतः उतरला. पाण्याजवळ हात नेऊन अलगद ओतलं. वरून आवाज आला, "हळू. जल्दी कशाची?"

मग रोज तेच. उरलेल्या चौदा दिवसांत एकाही दिवशी खाडा नाही. मुंबईचा शिकलेला मुलगा गुलाबी वाटी घेऊन विहीर चढउतार करतो, हे बघायला कारभारी वेळ जमवून येऊ लागला. बन्सीलालनं तांबटाला नवा तांब्या सांगितला, तर तो म्हणाला, लग्नसराई आहे, आखाडात बघू.

निघायच्या दिवशी अमृतलालनं छापील कागद भुवापुढं ठेवला. संध्याकाळची गाडी होती. खोटं लिहा असं म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि खरं लिहिलं तर आडत ठरलेली. सुगनबाईनं चष्मा लावला आणि पोथीतल्यासारख्या गोल अक्षरांत, बोलते तसंच लिहिलं:

'भांडं पंधरा दिवस बराबर चाललं. गळत न्हाई. पहिला दिवस सोडून जिवाणी रोज पोचली. सोबत एक माणूस खाली उतरावा लागतो. माणूस चांगला हाय, पन तो आज चालला.'

खाली सही केली.

अमृतलालनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्याला नापासाचा शिक्का दिसला. दुसऱ्यांदा उद्याची सकाळ दिसली.

"उद्या काय करणार, भुवा?"

"उतरीन."

"गुडघे?"

"ते बी उतरतील की माझ्यासंगं."

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. चुलीत दाभण लाल केलं. भांडं नीट टेकावं म्हणून बुडाखाली बोटभर गोल कड ठेवलेली होती. त्या कडेला समोरासमोर दोन भोकं पाडली. जळकट वास सुटला. भोकांतून तांब्याची तार ओवून कडी केली, उरलेल्या तारेचा आकडा वळवून दोराला बांधला आणि तो अडकवायला काठाच्या दोन कानांत सुतळीची दांडी ओवली. वरून काही जोडायचं नाही, ही अट मोडली होती, आणि दाखवण्याजोगं दुसरं भांडं नव्हतं.

विहिरीवर त्यानं दोर भुवाच्या हातात दिला. भांडं टेकलं, दोर सैल पडला, आकडा सुटला. सुगनबाईनं ओढलं. गुलाबी बूड वर करून भांडं रिकामं वर आलं.

"काय वाईट व्हतं पहिल्यापासून असं करायला?" ती म्हणाली.

"साचा उघडत नव्हता, भुवा."

"मंग साच्यानं सोसावं की. जिवांनी का सोसावं?"

टांगा दारात आला. बन्सीलालनं पिशवी चाचपली. "वस्तू कुठाय?"

"भुवाकडं."

"आन् शाळेत काय दाखवशील?"

"कागद."

बन्सीलालनं पिशवी टांग्यात ठेवली. "गादीवरची खोळ बदलून ठेवतो," तो म्हणाला.

"कागद आन इकडं," सुगनबाई उंबऱ्यातून म्हणाली.

तिनं चष्मा शोधला, दौत शोधली. टांगेवाला घाई करत होता, तिनं लक्ष दिलं नाही. सहीखाली थोडी जागा होती. तिथं तिनं एक ओळ लिहिली, फुंकर मारून वाळवली आणि कागद अमृतलालच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिनं लपवले नाहीत.

टांगा हलल्यावर त्यानं वाचलं. 'आता माणूस लागत न्हाई.'